स्क्रीनर कंपनी निवडून देत नाही

मोबाइल आणि एक चांगला स्क्रीनर, म्हणजे निकष लावून शेअर गाळून देणारे सॉफ्टवेअर, हाती आला की लासूर स्टेशनचा गुंतवणूकदार दलाल स्ट्रीटवरच्या फंड मॅनेजरच्या बरोबरीला बसला, असा दावा सध्या सर्रास केला जातो. शेअर बाजाराच्या क्लासमध्ये तो केला जातो, ॲपच्या जाहिरातींत केला जातो आणि आता मोंढ्यातल्या गप्पांतही कोणी तपासून न पाहता तो पुढे सरकवतो. या दाव्यात तीन विधाने आहेत. एक, माहिती आता सगळ्यांना सारखीच मिळते. दोन, निकष नीट लावले की सॉफ्टवेअर भावनेच्या आहारी न जाता चांगल्या कंपन्या निवडून देते. तीन, या सेवेची वर्गणी सहज वसूल होते. यातले पहिले विधान अर्धे खरे आहे. दुसरे साफ चूक आहे. तिसऱ्याचा हिशेब दावा करणारे कधी मांडतच नाहीत. तिन्हींचा समाचार घेणे भाग आहे, कारण त्यांच्यावर विसंबून बाजारात जाणारा पैसा कांदा-कपाशीचा, पगाराचा आणि जमिनीच्या मोबदल्याचा आहे.

आपल्या भागातल्या माणसाला हा दावा लवकर पटतो, त्याला कारण आहे. ठेवी बुडण्याचा अनुभव इथे ताजा आहे. डीएमआयसीसाठी (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यासाठी) गेलेल्या जमिनींचा मोबदला बिडकीन-पैठण परिसरातल्या शेतकऱ्यांच्या हाती आला आणि त्यातल्या अनेकांचा पैसा ‘तीस-तीस’ योजनेत अडकला. 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगर शहरातल्या आदर्श नागरी पतसंस्थेचे ठेवीदार रस्त्यावर आले. शेजारच्या बीडमध्ये ज्ञानराधा मल्टिस्टेटच्या ठेवीदारांचीही तीच गत झाली. समृद्धी महामार्ग गंगापूर आणि वैजापूर तालुक्यांतून गेला, तेव्हा इथल्या कुटुंबांच्या खात्यांवरही जमिनीचे पैसे आले. हे सगळे पाहिलेल्या माणसाला संचालकाच्या शब्दापेक्षा एक्स्चेंजवरचा उघड आकडा बरा वाटला, तर त्याचे काहीच चुकत नाही. शहाणपणाची सुरुवात तिथूनच होते. फक्त तो विश्वास योग्य जागी ठेवला पाहिजे. कंपनीने कायद्याने दाखल केलेला कागद ही ती जागा आहे. त्या कागदाचा सारांश विकणाऱ्यावर तसाच विश्वास टाकला, तर माणूस पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावरच पैसे लावतो.

पहिल्या विधानातला खरा भाग आधी मान्य करतो. सेबीच्या 2015 च्या लिस्टिंग नियमांनुसार कंपनीला तिमाही निकाल 45 दिवसांत, वर्षाचे लेखापरीक्षित निकाल 60 दिवसांत आणि भागधारणेचा तपशील 21 दिवसांत एक्स्चेंजकडे द्यावा लागतो. हे सगळे बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर फुकट वाचता येते. रोजच्या भावांची भावकॉपीही फुकट उतरवून घेता येते. एके काळी दहा वर्षांचे ताळेबंद एकत्र पाहायचे तर कॅपिटालाइन किंवा सीएमआयईचे प्रोवेस असे महागडे डेटाबेस लागत आणि ते संस्थांनाच परवडत. स्क्रीनर डॉट इन, टिकरटेप, ट्रेंडलाइन, तिजोरी अशा सेवांनी तसले आकडे एका पानावर आणले, त्यातले बरेच मोफत. हे मोठे काम आहे आणि ते करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. माझे भांडण त्यांच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या दाव्याशी आहे.

कारण आकडा उघड असणे आणि तो जसाच्या तसा आपल्यापर्यंत पोहोचणे यात अंतर आहे. कंपनी आपले निकाल दाखल करते. डेटा पुरवणारी संस्था ते आपल्या ठरावीक रकान्यांत बसवते. स्क्रीनर त्यावरून गुणोत्तरे काढतो. या प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी काहीतरी ठरवलेले असते. इतर उत्पन्न नफ्यात धरायचे की वगळायचे? जमीन विकून एकदाच आलेला पैसा कमाईत मोजायचा का? भांडवल वर्षअखेरचे घ्यायचे की सरासरी? या प्रश्नांची उत्तरे वेगळी असली की एकाच कंपनीचा आरओसीई (वापरलेल्या भांडवलावरचा परतावा) दोन सेवांत वेगळा दिसतो, आणि दोन्हीकडे तो दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत छापलेला असतो. अचूक दिसणे आणि अचूक असणे यात गल्लत इथेच होते.

वाळूजच्या एंड्युरन्स टेक्नॉलॉजीजचे उदाहरण घ्या. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये ही कंपनी बाजारात नोंदली गेली. तिचा धंदा इथल्या कारखान्यांपुरता नाही, इटली आणि जर्मनीतही तिच्या उपकंपन्या आहेत. त्यामुळे तिच्या नफ्याचे दोन आकडे असतात, एकट्या कंपनीचा आणि उपकंपन्या धरून एकत्रित. सेबीने तिमाहीचे एकत्रित निकाल एप्रिल 2019 पासून सक्तीचे केले. शेअरचा भाव एकच, पण त्याला कोणत्या नफ्याने भागले यावर पीई बदलतो. ‘पीई अमुकच्या खाली’ अशी अट लावणाऱ्याला हीच कंपनी एका यादीत सापडेल आणि दुसरीत सापडणार नाही. कंपनीत काहीही बदललेले नसेल. बदलला असेल तो भाजक, आणि तो कोणी निवडला हे वापरणाऱ्याला ठाऊकही नसेल.

त्याच एप्रिल 2019 पासून भाडेपट्ट्यांचा नवा लेखामानक, इंड एएस 116, लागू झाला. दुकानांचे, गोदामांचे लांब मुदतीचे भाडे करार तेव्हापासून ताळेबंदात देणे म्हणून दाखवावे लागतात. भाड्याच्या जागेत शेकडो दुकाने चालवणाऱ्या कंपन्यांची देणी त्या वर्षी कागदावर एकदम फुगली. बँकेकडून त्यांनी एक रुपयाही नवा घेतलेला नव्हता. या देण्याला कर्ज धरणाऱ्या सेवेत ‘कर्ज वाढत जाणाऱ्या कंपन्या वगळा’ ही अट लावली, तर धडधाकट कंपन्याही बाहेर जातात. बँकांचे तर विचारूच नका. दुसऱ्याचा पैसा घेऊन तो कर्जाऊ देणे हाच ज्यांचा धंदा, त्यांना कर्ज-भांडवल प्रमाणाच्या अर्ध्या पटीच्या निकषावर मोजण्याला काही अर्थ नाही. तरीही क्लासमध्ये वाटले जाणारे तयार निकष सगळ्या बाजाराला सरसकट लावले जातात.

इतिहासाच्या बाबतीत गोंधळ आणखी वाढतो. बजाज ऑटोचा वाळूजचा कारखाना 1985 चा. त्या कारखान्याने आपल्या जिल्ह्याचे रूप पालटले आणि अनेक घरांत बजाजचे शेअर आले. 2008 मध्ये बजाज ऑटोचे विभाजन झाले. जुनी कंपनी बजाज होल्डिंग्ज अँड इन्व्हेस्टमेंट झाली. वाहनांचा धंदा ज्या कंपनीकडे गेला तिने बजाज ऑटो हे नाव घेतले आणि 26 मे 2008 रोजी ती स्वतंत्रपणे बाजारात नोंदली गेली. जुन्या कंपनीचा बीएसई क्रमांक 500490 आज बजाज होल्डिंग्जकडे आहे, आजच्या बजाज ऑटोचा क्रमांक 532977 आहे. जुन्या भागधारकाला त्याच्या एका शेअरमागे नव्या बजाज ऑटोचा एक आणि बजाज फिनसर्वचा एक शेअर मिळाला. आता 1990 च्या दशकात वडिलांनी घेतलेल्या शेअरवर किती परतावा मिळाला हे सॉफ्टवेअरला विचारून पाहा. बजाज ऑटो टाकले तर आलेख 2008 च्या मागे जात नाही. बजाज होल्डिंग्ज टाकले आणि सेवेने विभाजनाचा हिशेब केलेला नसला, तर 2008 मध्ये भाव कोसळलेला दिसतो, आणि त्या घराला आयुष्यभराची सर्वांत मोठी कमाई ज्यातून झाली तोच व्यवहार तोटा म्हणून नोंदवला जातो.

पुढचे उदाहरण जास्त कडू आहे. पैठण रस्त्यावरच्या चितेगावची व्हिडिओकॉन ही एके काळी जिल्ह्याची शान होती. या कंपनीने आपले आर्थिक वर्ष पुन्हा पुन्हा बदलले. डिसेंबर 2011 मध्ये संपलेले तिचे ‘वर्ष’ 15 महिन्यांचे होते, जून 2013 मध्ये संपलेले 18 महिन्यांचे, डिसेंबर 2014 मध्ये संपलेले पुन्हा 18 महिन्यांचे. बारा महिन्यांच्या विक्रीशेजारी अठरा महिन्यांची विक्री ठेवली, तर धंदा तसूभर न वाढताही वाढ 50 टक्के दिसते. हे ज्या सेवेने दुरुस्त केले नाही तिच्या ‘विक्रीत सातत्याने वाढ’ या निकषाचे मोल काय? जून 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. मान्य झालेले दावे सुमारे 64,838 कोटींचे आणि 2021 मध्ये एनसीएलटीने (राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने) मंजूर केलेला प्रस्ताव सुमारे 2,962 कोटींचा. त्या प्रस्तावात सामान्य भागधारकाच्या वाट्याला शून्य होते. जानेवारी 2022 मध्ये अपिलात तो प्रस्ताव रद्द झाला, पण भागधारकाच्या हाती त्यातून काही आले नाही.

या प्रकरणातून सगळ्या ‘स्वस्त शेअर’ यादींबद्दल एक धडा मिळतो. अडचणीतल्या कंपनीचा भाव आधी पडतो. पुस्तकी मूल्य मात्र पुढच्या ताळेबंदापर्यंत, कधी कधी त्याहून पुढे, जुनेच राहते. मधल्या काळात ती कंपनी पुस्तकी मूल्याच्या मानाने स्वस्त झालेल्यांच्या यादीत हमखास वर येते. म्हणजे सॉफ्टवेअर आपल्याला ती कंपनी नेमकी तेव्हा आणून दाखवते, जेव्हा तिच्या जवळ जाऊ नये.

आता दुसऱ्या विधानाकडे वळू. निकष नीट लावले की चांगल्या कंपन्या निवडून मिळतात, असे म्हणणाऱ्यांनी एल्सिड इन्व्हेस्टमेंट्सचे काय झाले ते आठवावे. मुंबईची ही गुंतवणूक कंपनी. तिच्याकडे एशियन पेंट्सचे मोलाचे शेअर आणि तिचा स्वतःचा भाव तीन-साडेतीन रुपये. प्रतिशेअर पुस्तकी मूल्य मात्र लाखांत. भाव आणि पुस्तकी मूल्य यांच्या प्रमाणावर लावलेल्या यादीत याहून स्वस्त काही सापडणे अवघड होते. पण त्या भावाला विकायला कोण तयार होणार? वर्षानुवर्षे व्यवहार जवळजवळ ठप्प होता. सेबीने जून 2024 मध्ये अशा कंपन्यांसाठी खास लिलावातून भाव ठरवण्याची सोय केली आणि 29 ऑक्टोबर 2024 रोजी 3.53 रुपयांचा तो शेअर थेट 2,25,000 रुपयांवर उघडला. याचा अर्थ स्क्रीनरवर इतकी वर्षे जो भाव दिसत होता, तो भाव नव्हताच. कधीकाळी झालेल्या शेवटच्या सौद्याची ती नोंद होती. लहान कंपन्यांच्या बाबतीत हे कमी-अधिक प्रमाणात रोज घडते. यादीत शेअर स्वस्त दिसतो, पण दिवसाला चारशे शेअरचा व्यवहार, लागोपाठ सर्किट, आणि विकायची वेळ आली की समोर खरेदीदार नाही.

आणि आकडाच खोटा असला तर? सत्यमचा ताळेबंद कोणत्याही निकषाला उतरला असता. कर्ज नगण्य, रोकड भरपूर, नफा दर तिमाहीला वाढता. 7 जानेवारी 2009 रोजी रामलिंग राजूंनी कबुली दिली तेव्हा कळले की 5,361 कोटींच्या दाखवलेल्या रोख आणि बँक शिलकीतले 5,040 कोटी अस्तित्वातच नव्हते. त्याच्या 22 दिवस आधी, 16 डिसेंबर 2008 रोजी, सत्यमच्या संचालक मंडळाने राजू कुटुंबाच्या मायटास कंपन्या 1.6 अब्ज डॉलरला घेण्याचा निर्णय जाहीर केला आणि गुंतवणूकदार खवळल्यावर काही तासांत मागे घेतला. रोकड मालकाच्या घरच्या कंपन्यांत वळवायचा हा प्रयत्न उघड उघड एक्स्चेंजवर आला होता. पण तो शब्दांत आला होता. त्याचे गुणोत्तर होत नव्हते, म्हणून कोणत्याही स्क्रीनरच्या कोणत्याही रकान्यात तो बसला नसता. 2018 मध्ये वक्रांगीच्या आणि मनपसंद बेव्हरेजेसच्या ऑडिटरांनी राजीनामे दिले, तेही असेच शब्दांत जाहीर झाले. मनपसंदचे ऑडिटर तर वार्षिक निकाल तोंडावर असताना गेले. ज्याने एक्स्चेंजवरच्या घोषणा वाचल्या त्याला सावध व्हायला वेळ मिळाला. जो यादीची वाट पाहत बसला, त्याला पडलेला भाव दिसला आणि तो कदाचित ‘स्वस्त’ही वाटला.

लासूर स्टेशनच्या माणसाला हे समजवायला दूर जावे लागत नाही. बाजार समितीच्या तक्त्यावर कांद्याचा कमीत कमी, जास्तीत जास्त आणि सर्वसाधारण दर रोज लागतो. तो दर खरा असतो आणि उपयोगाचाही असतो. तरीही केवळ त्या तक्त्यावरून कोणताही व्यापारी ट्रॉली विकत घेत नाही. तो ढिगात हात घालतो, खालचा कांदा वर काढतो, पत्ती पाहतो, ओल पाहतो, गोल्टी किती मिसळली आहे ते पाहतो. शेअर घेताना मात्र तोच माणूस तक्ता पाहून मोकळा होतो.

उलट, ढिगात हात घालण्याची जी ताकद इथल्या माणसाकडे आहे, तिची किंमत त्याला कोणी सांगत नाही. नाथ बायोजीन्स ही आपल्या शहरातली बियाणे कंपनी. कपाशीचे बियाणे विकणाऱ्या कंपनीची वर्षाची बहुतेक विक्री एप्रिल ते जून या तिमाहीत होते, कारण खरिपाचे बियाणे तेव्हाच उचलले जाते. पुढच्या तिमाहीत विक्री धाडकन खाली येते. मागच्या तिमाहीशी तुलना करणारा निकष ही कंपनी दरवर्षी जूनमध्ये डोक्यावर घेईल आणि सप्टेंबरमध्ये कचऱ्यात टाकेल. गंगापूर तालुक्यातल्या कपाशीवाल्याला यात सांगण्यासारखे काही नाही. त्याला याहून पुढचेही ठाऊक असते. कोणत्या वाणाची उगवण यंदा चांगली झाली, कृषी सेवा केंद्रात कोणत्या वाणासाठी रांग लागली, पाऊस लांबला तेव्हा दुकानदाराने किती पाकिटे परत पाठवली. बियाण्याच्या धंद्यात परत येणारा माल ही मोठी बाब असते आणि ताळेबंदात ती दिसेपर्यंत हंगाम उलटून गेलेला असतो. ही माहिती कोणत्याही वर्गणीत मिळत नाही. दलाल स्ट्रीटवरच्या विश्लेषकाला ती मिळवायला इथे माणूस पाठवावा लागतो. बरोबरीची भाषा करणारे इथल्या गुंतवणूकदाराला त्याची खरी आघाडी सोडून, सगळ्यांकडे असलेल्या आकड्यांवर लढायला पाठवतात.

यावर ठरलेले उत्तर येते ते बॅकटेस्टचे. अमुक सूत्राने गेल्या दहा वर्षांत निर्देशांकाच्या दुप्पट परतावा दिला, असा आलेख दाखवला जातो. त्या आलेखाला तीन प्रश्न विचारा. पहिला, त्यात मेलेल्या कंपन्या आहेत का? आज जिवंत असलेल्या कंपन्यांवरच सूत्र चालवून पाहिले, तर व्हिडिओकॉनसारख्यांचा तोटा हिशेबातून आपोआप गळतो. दुसरा, आकडा बाजाराला कधी कळला ती तारीख धरली आहे का? मार्चअखेरचे निकाल मेअखेरपर्यंत येत राहतात. 1 एप्रिलला त्या निकालांच्या आधारे खरेदी दाखवणारा आलेख, तेव्हा कोणालाही ठाऊक नसलेल्या माहितीवर कमावतो. तिसरा, खर्च आणि कर वजा केले आहेत का? खरेदी आणि विक्री दोन्हींवर 0.1 टक्का एसटीटी (रोखे व्यवहार कर) लागतो. 23 जुलै 2024 पासून वर्षाच्या आत विकलेल्या शेअरच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे. दर तिमाहीला यादी बदलणाऱ्या सूत्राचा बहुतेक नफा याच कराखाली येतो.

या तिन्ही कसोट्या पार केल्या तरी एक अडचण उरतेच. मॅक्लीन आणि पोंटिफ या अभ्यासकांनी शेअरचा परतावा आधी सांगू शकतात म्हणून गाजलेली 97 लक्षणे तपासली आणि 2016 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. मूळ संशोधनाचा काळ संपल्यावर त्यांच्यावर आधारलेला परतावा 26 टक्क्यांनी आणि संशोधन छापून आल्यावर 58 टक्क्यांनी कमी झाला होता. जे सूत्र सगळ्यांना कळले त्याची धार जाते. मग हजारो लोकांना एकाच बटणावर दिली जाणारी तयार यादी कोणाला कशी आघाडी देणार?

तिसरे विधान वर्गणीचे. साधा हिशेब मांडू. सेवेला वर्षाला 5,000 रुपये लागतात आणि गुंतवणूक 1 लाखाची आहे, असे धरा. म्हणजे पहिल्या दिवसापासून 5 टक्क्यांचा खड्डा. आपल्या निवडीने निर्देशांकापेक्षा 2 टक्के जास्त मिळतील अशी आशा असेल, आणि तीही मोठी आशा आहे, तर नुसती वर्गणी भरून निघायला अडीच लाखांची गुंतवणूक हवी. निर्देशांक फंडाच्या डायरेक्ट योजनेचा खर्च पाव टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो, म्हणजे लाखामागे अडीचशे रुपये. ज्याची गुंतवणूक लाख-दीड लाखाची आहे त्याला महागडी सेवा घ्यायला लावणे हे त्याच्या भल्याचे नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. सेवेच्या नावाखाली रोजचे ‘सिग्नल’ आणि ऑप्शनचे स्कॅन विकले जात असतील, तर प्रश्न वर्गणीपुरताही राहत नाही. सेबीनेच सप्टेंबर 2024 मध्ये जाहीर केले की 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेले आणि त्यांचा एकूण तोटा 1.8 लाख कोटींहून जास्त होता.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला असा, की नोंदलेल्या कंपन्या हजारो आहेत, सगळ्यांचे अहवाल कोण वाचणार? इथेच स्क्रीनरचा खरा उपयोग आहे. त्याच्याकडून नकार घ्यावा, होकार घेऊ नये. सलग पाच वर्षे नफा दाखवूनही धंद्यातून रोकड येत नाही, प्रवर्तकांचे शेअर मोठ्या प्रमाणात गहाण आहेत, इतर उत्पन्न काढले तर नफाच उरत नाही, अशा कंपन्या वगळायला सॉफ्टवेअर उत्तम आहे. हे वगळणेही नमुन्याची शहानिशा करूनच करावे, कारण वर सांगितलेल्या चुका तिथेही होतात. हजारातून वीस उरल्या की यंत्राचे काम संपते आणि वाचनाचे सुरू होते.

दुसरा आक्षेप इंग्रजीचा आणि वेळेचा. वार्षिक अहवाल अडीचशे-तीनशे पानांचा, जड इंग्रजीत. ही अडचण खरी आहे. पण तीनशे पाने वाचायची नसतात. ऑडिटरचा अहवाल आणि त्यातल्या महत्त्वाच्या बाबी, रोकड प्रवाहाचा तक्ता, संबंधित पक्षांशी झालेले व्यवहार, संभाव्य देणी आणि येणे रकमांचा तक्ता, एवढ्या पाच जागा पुरतात. यातला शेवटचा तक्ता विशेष सांगतो. 2021-22 पासून कंपन्यांना येणे रकमांची मुदतवार फोड द्यावी लागते: सहा महिन्यांच्या आतले येणे किती, वर्षापर्यंतचे किती, एक ते दोन वर्षांचे, दोन ते तीन वर्षांचे आणि तीन वर्षांहून जुने किती. ज्या कंपनीची विक्री दरवर्षी वाढते आणि त्याबरोबर दोन-तीन वर्षे थकलेले येणेही फुगत जाते, तिची विक्री खरोखर वसूल होते का, हा प्रश्न तिथेच उभा राहतो. उधारीवर दुकान चालवलेल्या कोणत्याही माणसाला हा तक्ता समजतो. त्याला इंग्रजीचे पाच-सात शब्द पुरतात. स्क्रीनर याच रकमेचा एक सरासरी ‘डेटर डेज’ दाखवतो, आणि जुन्या-नव्या येण्याचा भेद त्या सरासरीत बुडून जातो. एवढेही वाचायला वेळ नसेल तर निर्देशांक फंड घ्यावा. त्यात कमीपणा मुळीच नाही. न वाचता यादीवरून शेअर घेणे मात्र परवडणारे नाही.

सेवा पारखायची कशी, तेही सांगतो. जाहिरातीतले निकषांचे आकडे मोजू नका. आपल्याला माहीत असलेली एक कंपनी घ्या आणि सेवेवरच्या आकड्यावर बोट ठेवा. तिथून कंपनीच्या मूळ कागदापर्यंत एका टिचकीत जाता येते का? आरओसीई काढण्याची रीत कुठे लिहिली आहे का? एकट्या कंपनीचे आणि एकत्रित आकडे वेगळे पाहता येतात का? वर्ष बारा महिन्यांपेक्षा लांब असेल तर तसे लिहिलेले आहे का? एक्स्चेंजवरच्या घोषणा त्याच पानावर येतात का? चूक सापडली तर कळवायची सोय आहे का, आणि कळवल्यावर ती दुरुस्त होते का? मग तोच आरओसीई वार्षिक अहवाल उघडून हाताने काढा. एका कंपनीचा, एका वर्षाचा. कागद, पेन आणि मोबाइलमधले कॅल्क्युलेटर एवढे पुरते. आकडा जुळला तर त्या सेवेवर भरवसा ठेवायला आधार मिळाला. जुळला नाही आणि का जुळला नाही हे कळले, तर क्लासमध्ये कोणी शिकवत नाही ते तुम्ही शिकलात. का जुळला नाही हेच कळत नसेल, तर त्या आकड्यावर पैसे लावू नका.

क्लास चालवणाऱ्यांना आणि सेवा विकणाऱ्यांना माझे थेट सांगणे आहे. मराठी गावांतून वर्गणी गोळा करायची असेल तर गुणोत्तरांच्या व्याख्या मराठीत लिहा. बॅकटेस्ट दाखवायचा तर बुडालेल्या कंपन्यांसह, कर वजा करून दाखवा. कंपनीचे नाव घेऊन खरेदीचा सल्ला द्यायचा तर सेबीची नोंदणी घ्या आणि नोंदणी क्रमांक फलकावर लावा. आणि गुंतवणूकदाराने वर्गणी भरण्याआधी त्या सेवेच्या शोधचौकटीत व्हिडिओकॉन इंडस्ट्रीज हे नाव टाकावे. त्या कंपनीचे सगळे ताळेबंद, 18 महिन्यांची ती वर्षे आणि शेवटपर्यंतचा भाव तिथे सापडला, तर त्या सेवेने इतिहास जपला आहे. नाव सापडले नाही, तर ज्या इतिहासावर तिच्या साऱ्या याद्या आणि आलेख उभे आहेत त्यातून बुडालेला पैसा पुसला गेला आहे. तिला एक रुपयाही देऊ नका.